कुमारांची घडण: सुळेभावी ते देवधर मास्तर

बेळगाव-मिरज रेल्वेमार्गावर सुळेभावी नावाचं लहानसं स्टेशन लागतं. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ, म्हणजे आपले कुमार गंधर्व, ८ एप्रिल १९२४ ला याच गावात जन्मले. घरची बोली कन्नड, वडील गाणारे.

कुमारांच्या गाण्याचं मूळ शोधताना लोक थेट मध्य प्रदेशातल्या देवासला जातात. क्षयाचं ते दीर्घ आजारपण, माळव्याची लोकगीतं. ते खरंच आहे. पण आम्हा बेळगावकरांना त्याआधीची वर्षं फार मोलाची वाटतात.

लहानग्या शिवपुत्राला रीतसर तालीम नव्हती. होता तो ग्रामोफोन. नामांकित गवयांच्या तबकड्या ऐकायच्या आणि हुबेहूब गाऊन दाखवायच्या. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. मुखडा, आलाप, ताना, सगळं तेवढ्यातच उरकायचं. पुढं कुमारांच्या गाण्यात जो आटोपशीरपणा आला, मध्य लयीची जी ओढ दिसते, तिचं बीज मला या तीन मिनिटांत दिसतं. पोराचं गाणं ऐकून एका मठाच्या स्वामींनी ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि तेच नाव कायमचं झालं.

पण नक्कल किती दिवस पुरणार? अकराव्या-बाराव्या वर्षी मुलाला मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे पाठवलं. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होतं. मुंबई हीच आपली राजधानी. शिवाय देवधर मास्तर मूळचे मिरजेचे. त्यांचे गुरू विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, आणि पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. म्हणजे पोरगं ऑपेरा हाऊसजवळच्या विद्यालयात गेलं खरं, पण शिकलं ते आपल्याच कृष्णाकाठाकडून आलेलं गाणं. ही साखळी आपल्याकडं पुरेशी सांगितली जात नाही, याची मला खंत वाटते.

मास्तर ग्वाल्हेर परंपरेतले, पण एका घराण्याला चिकटून बसणारे नव्हते. अनेक उस्तादांकडून त्यांनी चिजा, म्हणजे बंदिशी, मिळवल्या होत्या, पाश्चात्त्य संगीतही शिकले होते. नकलेत तयार झालेल्या मुलाला असाच गुरू हवा होता. दुसऱ्याचा गळा उतरवणाऱ्याला स्वर, शब्द, लय सुटी करून बघायला त्यांनी शिकवलं. पुढं भेंडीबाजार परंपरेच्या अंजनीबाई मालपेकरांकडूनही कुमारांना तालीम मिळाली.

१९४८ च्या जानेवारीत ते देवासला गेले. क्षयामुळं गाणं बंद. पडल्या पडल्या बायकांची लोकगीतं कानावर येत. त्यांनी ती गोळा केली, त्यांच्या धुनांमधले स्वर निरखले. ‘धुनउगम’, म्हणजे धुनांतून उगवलेले, राग त्यातूनच आले आणि १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ या पुस्तकातून त्यांच्या बंदिशी छापून निघाल्या. कान तोच होता, सुळेभावीच्या ग्रामोफोनपुढचा. आता मात्र ऐकलेलं जसंच्या तसं गाऊन दाखवायचं नव्हतं.