वलयी गुणसूत्र

एखाद्या गुणसूत्राची दोन्ही टोके एकमेकांना जुळून जे बंद कडे तयार होते, त्याला वलयी गुणसूत्र किंवा रिंग क्रोमोसोम म्हणतात. अंशलोप (तुकडा गळणे), द्विरावृत्ती (तुकडा दोनदा येणे), व्युत्क्रमण (तुकडा उलटा बसणे) आणि स्थानांतरण (तुकडा दुसऱ्या गुणसूत्रावर जाणे) यांच्याप्रमाणेच ही गुणसूत्राची रचनात्मक विकृती आहे. मात्र बाकीच्या विकृती गर्भधारणेच्या वेळी जशा असतात, तशाच बहुधा शरीरभरच्या पेशींत उतरतात. वलयाचा असा भरवसा देता येत नाही. कोणत्याही पेशीविभाजनात ते दुप्पट होऊ शकते, तुटू शकते, लहान होऊ शकते किंवा साफ नाहीसे होऊ शकते. त्यामुळे वलयी गुणसूत्र असलेल्या मुलाचा आजार समजून घेताना कोणती जनुके गेली एवढे पाहून भागत नाही, उरलेले वलय विभाजनात कसे वागते तेही पाहावे लागते.

साधारण ५० हजार जन्मांमागे एका बाळात वलयी गुणसूत्र असते, असा अंदाज दिला जातो. माणसाच्या प्रत्येक गुणसूत्राचे वलय आजवर कुठे ना कुठे नोंदले गेले आहे.

वलय कसे तयार होते

गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमियर नावाची संरक्षक टोपणे असतात. त्यांच्यामुळे टोके उघडी पडत नाहीत आणि एकमेकांना चिकटत नाहीत. आखूड आणि लांब अशा दोन्ही भुजांची टोके तुटली, की पेशीची दुरुस्तीयंत्रणा समोर दिसतील ती उघडी टोके जोडून टाकते. गुणसूत्रबिंदू, म्हणजे विभाजनात गुणसूत्र जिथून ओढले जाते ती जागा, असलेला मधला भाग वलय होऊन टिकतो. टोकाचे तुकडे गुणसूत्रबिंदूअभावी पुढच्या विभाजनांत हरवतात, आणि त्यांच्यावरची जनुकेही जातात. कधी एकच टोक तुटते आणि ते दुसऱ्या, शाबूत टोकाला जोडले जाते. क्वचित दोन्ही टेलोमियरच एकमेकांना जुळतात. अशा वलयात एकही जनुक कमी झालेले नसते, तरी मूल आजारी असू शकते. वलयाचा आकारच अपायकारक आहे, याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा.

विभाजनात काय घडते

सूत्री विभाजनापूर्वी, म्हणजे शरीरपेशींच्या नेहमीच्या विभाजनापूर्वी, प्रत्येक गुणसूत्राच्या डीएनएची प्रत निघते आणि दोन अर्धगुणसूत्रे तयार होतात. प्रत काढताना होणाऱ्या लहानमोठ्या तुटी दुरुस्त करताना या दोन जुळ्या प्रतींमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते. ही रोजची घडामोड आहे. सरळ गुणसूत्रात तिचा काही परिणाम दिसत नाही, कारण दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या असतात आणि अदलाबदलीनंतरही दोन सरळ काड्याच उरतात.

वलयात मात्र हीच निरुपद्रवी घटना घात करते. अदलाबदल झालीच नाही, तर दोन सुटी वलये तयार होऊन दोन पेशींत नीट वाटली जातात. एक अदलाबदल झाली, तर दोन्ही प्रती मिळून दुप्पट लांबीचे एकच वलय होते आणि त्यात दोन गुणसूत्रबिंदू येतात. दोन अदलाबदली झाल्या, तर दोन वलये एकमेकांत अडकलेल्या बांगड्यांसारखी गुंतू शकतात.

गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेत येतात त्या मध्यावस्थेपर्यंत हे सारे खपून जाते. त्यानंतरच्या पश्चावस्थेत तर्कूतंतू, म्हणजे गुणसूत्रे ओढणारे पेशीतले धागे, दोन गुणसूत्रबिंदूंना दोन विरुद्ध ध्रुवांकडे ओढू लागले, की दुहेरी वलय ताणले जाते आणि दोन्ही बाजूंना दोन पूल तयार होतात. पूल नेमके मध्यावर तुटतील याची काहीच खात्री नसते. एका पेशीला मोठा तुकडा मिळतो, दुसरीला लहान, आणि दोन्ही पेशी आपापल्या तुकड्याची उघडी टोके पुन्हा जोडतात. आता एका पेशीतल्या वलयात काही जनुके दोनदा असतात, तर दुसरीतल्या वलयात तीच नसतात. पुढच्या विभाजनात हाच खेळ पुन्हा होऊ शकतो. कधी वलय कोणत्याच ध्रुवाकडे जात नाही. ते मधेच रेंगाळते, केंद्रकाबाहेर राहते आणि त्याच्याभोवती सूक्ष्मकेंद्रक बनते. अशा सूक्ष्मकेंद्रकातल्या डीएनएचे तुकडे तुकडे होऊन ते वाटेल तसे जोडले जाण्याचा धोका असतो. पेशीतून वलय पुरतेच गेले, तर त्या जोडीतले एकच गुणसूत्र मागे उरते. बहुतेक गुणसूत्रांच्या बाबतीत अशी पेशी फार काळ तग धरत नाही.

मोठ्या गुणसूत्राचे वलय अधिक अस्थिर असते असे सर्वसाधारणपणे मानतात, कारण लांबी जास्त तितक्या अदलाबदली जास्त. पण एकाच गुणसूत्राची दोन रुग्णांमधली वलयेही सारखी वागत नाहीत.

मक्याच्या शेतातून

हे सगळे माणसाच्या आधी मक्यात दिसले. अमेरिकेत मिसुरी येथे आनुवंशशास्त्रज्ञ लुईस स्टॅडलर यांनी क्ष-किरणांचा मारा केलेल्या मक्याच्या रोपांवर काही ठिकाणी रंगाचे पट्टे आणि ठिपके उमटले होते. आनुवंशशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले, की या रोपांत वलयी गुणसूत्रे आहेत. रंगाचे जनुक असलेले वलय ज्या पेशीतून हरवते, तिच्यापासून वाढलेला पट्टा वेगळ्या रंगाचा होतो. पानावरचा पट्टा म्हणजे विभाजनातल्या अपघाताची उघड्या डोळ्यांना दिसणारी नोंद, हे ओळखणारी त्यांची नजर थक्क करणारी आहे. तुटणे, जुळणे आणि पूल बनणे हे चक्र त्यांनी पुढे तपशिलाने मांडले. त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र जागा बदलणाऱ्या जनुकीय घटकांच्या शोधासाठी.

मुलांमध्ये दिसणारे परिणाम

वेगवेगळ्या गुणसूत्रांची वलये असलेल्या काही मुलांत एक समान चित्र दिसते. उंची आणि वजन फार कमी असते, पण शरीरात मोठे व्यंग नसते. १९८०च्या दशकापासून याला रिंग सिंड्रोम असे नाव आहे. त्याचे स्पष्टीकरण असे, की दर विभाजनात काही पेशी बिघडून मरतात, त्यामुळे वाढीचा वेगच मंदावतो. वलय कोणत्या गुणसूत्राचे आहे याला इथे दुय्यम महत्त्व आहे.

विसाव्या गुणसूत्राच्या वलयाकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण ते सहज निसटते. मूल दिसायला अगदी नेहमीसारखे असते, बऱ्याचदा शाळेतही ठीक असते. मग बालपणी कधीतरी अपस्मार सुरू होतो. झटके औषधांना जुमानत नाहीत. मूल तासन्‌तास गोंधळल्यासारखे, सुन्न राहते, हातपाय झटकत नाही, आणि घरच्यांना किंवा शिक्षकांना तो हट्ट वा दुर्लक्ष वाटते. प्रत्यक्षात तो लांबलेला, आकडीविरहित झटका असतो. काहींना झटक्यात अचानक भीती वाटते किंवा भास होतात. बहुतेक रुग्णांत काही पेशींत वलय आणि बाकीच्यांत दोन्ही सरळ गुणसूत्रे अशी मोझेइक स्थिती असते, आणि जनुके सहसा गेलेली नसतात. चौदाव्या गुणसूत्राच्या वलयातही हट्टी अपस्मार असतो, पण तो बहुधा तान्हेपणीच सुरू होतो आणि सोबत बौद्धिक अक्षमता असते.

बाविसाव्या गुणसूत्राच्या वलयात अस्थिरतेचा आणखी एक धोका असतो. या गुणसूत्रावर गाठी रोखणारे एनएफ-२ हे जनुक आहे. एखाद्या पेशीतून वलय हरवले, की या जनुकाची एकच प्रत उरते. पुढे तीही बिघडली, तर श्रवणचेतेवर किंवा मेंदूच्या आवरणावर गाठ वाढू शकते. म्हणून अशा मुलांची तपासणी मोठेपणीही चालू ठेवावी लागते. एक्स गुणसूत्राच्या अगदी लहान वलयात, त्या गुणसूत्राला निष्क्रिय करणारे एक्सआयएसटी जनुक नसेल, तर टर्नर सिंड्रोमपेक्षा (मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र नसल्याने होणाऱ्या विकारापेक्षा) कितीतरी गंभीर परिणाम दिसतात. याउलट एकविसाव्या गुणसूत्राचे वलय असलेल्या काही व्यक्ती पूर्ण निरोगी असतात आणि वंध्यत्वाच्या तपासणीतच ते उघडकीस येते.

तपासणी

निदानाचा मुख्य आधार म्हणजे कॅरिओटाइप, अर्थात सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांची संख्या आणि आकार पाहण्याची चाचणी. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या नळीत घेतलेल्या रक्तातल्या लसीकापेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) साधारण तीन दिवस वाढवतात, कोल्सेमिड घालून त्यांना मध्यावस्थेत थांबवतात, पातळ क्षारद्रावणात फुगवून काचपट्टीवर पसरतात आणि जिम्सा रंगाने पट्टे उमटवतात. नेहमी २०-३० पेशी पाहून अहवाल देतात. वलय मोजक्याच पेशींत असेल, तर तेवढ्यात ते चुकते, म्हणून विसाव्या गुणसूत्राच्या वलयाचा संशय असल्यास ५० ते १०० पेशी पाहायला सांगावे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहिले पाहिजे.

आज अनेक ठिकाणी थेट मायक्रोॲरे किंवा एक्झोम या डीएनएच्या चाचण्या केल्या जातात. या चाचण्या कमी-जास्त झालेला डीएनए उत्तम पकडतात, पण गुणसूत्राचा आकार त्यांना दिसत नाही. काहीच गमावले नसलेले वलय त्यांच्या अहवालात निर्दोष ठरते. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात कारण सापडत नसेल, तर साधा कॅरिओटाइप मागायलाच हवा. या जुन्या, स्वस्त चाचणीला बाजूला सारणे रुग्णाच्या हिताचे नाही.

आनुवंशिकता

बहुसंख्य वलये मुलात नव्याने तयार झालेली असतात, त्यात आईवडिलांचा काहीही दोष नसतो. पालकांकडून आलेच, तर ते बहुधा आईकडून येते, कारण वलय असलेल्या पुरुषांत शुक्राणूंची निर्मिती अनेकदा खुंटते. तरीही दोन्ही पालकांचा कॅरिओटाइप करून घ्यावा. पुढच्या गर्भारपणात गर्भजलाची तपासणी करता येते. भारतात प्रसूतिपूर्व निदानाच्या कायद्यानुसार गुणसूत्रीय विकृतींसाठी अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रात, आईच्या लेखी संमतीने करता येते. गर्भात वलय दिसले, तरी बाळावर नेमका किती परिणाम होईल हे सांगणे अवघड असते, कारण पेशींमधले प्रमाण अवयवागणिक बदलते.

कर्करोग आणि किरणोत्सर्ग

जन्मजात नसलेली वलयेही असतात. काही मृदू ऊतींच्या गाठींत ती ठरलेली खूण असते. सुविभेदित लायपोसार्कोमात (चरबीच्या ऊतीच्या एका कर्करोगात) बाराव्या गुणसूत्राच्या तुकड्यांचे जादा वलय असते आणि त्यात एमडीएम-२ या जनुकाच्या अनेक प्रती भरलेल्या असतात. किरणोत्सर्गानंतरही लसीकापेशींत वलये आणि दोन गुणसूत्रबिंदूंची गुणसूत्रे दिसतात. ती मोजून शरीराला किती मात्रा मिळाली याचा अंदाज घेतात, आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हे काम चालते.

मूलपेशींवरील प्रयोग

२०१४ मध्ये सतराव्या गुणसूत्राचे वलय असलेल्या रुग्णांच्या त्वचापेशींपासून प्रयोगशाळेत बहुक्षम मूलपेशी, म्हणजे शरीरातल्या अनेक प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, बनवण्यात आल्या. त्यांपैकी अनेक पेशीवंशांत वलय नाहीसे झाले होते आणि त्याच्या जागी निरोगी गुणसूत्राचीच दुसरी प्रत आली होती. एकच गुणसूत्र उरलेल्या पेशीने ते चुकून दुप्पट केले, की ती वलयवाल्या पेशींपेक्षा वेगाने वाढते आणि वाढपात्र व्यापते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. दोन्ही प्रती एकाच पालकाकडच्या असल्याने त्या गुणसूत्रावरचे सुप्त दोष उघडे पडू शकतात, आणि हा बदल आजवर पाहिला गेला तो काचपात्रातल्या पेशींमध्ये. त्यावर आधारलेला उपचार रुग्णांसाठी उपलब्ध नाही.