साठवणीचा मसाला

साठवणीचा मसाला म्हणजे मिरच्या, धणे, खडा मसाला आणि सुके खोबरे उन्हात वाळवून, भाजून व कुटून केलेली, वर्षभर पुरणारी पूड. महाराष्ट्रात हे काम होळीनंतर सुरू होते आणि मृग निघण्याच्या आत उरकले जाते, कारण हवा एकदा दमट झाली की कडकडीत वाळलेली मिरचीसुद्धा पुन्हा मऊ पडते.

या मसाल्याची रूपे प्रदेशागणिक बदलतात. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत कांदा-लसूण मसाला होतो आणि घरोघरी त्याला नुसते ‘चटणी’ म्हणतात. सोलापूरकडे काळे तिखट, सिंधुदुर्गात मालवणी, ठाणे-रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी, तर वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या घरांत काचेच्या बाटल्यांत ठासून भरलेला बॉटल मसाला. गोडा मसाला यांहून वेगळा: त्यात मिरची नावापुरती, आणि धणे, तीळ, खोबरे, दगडफूल यांचा भर.

तिखट मसाल्यात एकाच मिरचीवर सहसा भागवत नाहीत. रंगासाठी ब्याडगी, स्वादासाठी संकेश्वरी आणि झणक्यासाठी लवंगी किंवा गुंटुरी असा मेळ घालतात. ब्याडगी मिरचीचे नाव कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या गावावरून पडले असून तिला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मसाल्याच्या प्रमाणांवर घराघरांत वाद होतात, पण मसाला टिकतो तो वाळवणावर. मिरच्या निवडून, देठ काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरतात आणि दव लागू नये म्हणून संध्याकाळी घरात घेतात. मिरची हलवल्यावर आत बी खुळखुळले आणि दाबताच ती न वाकता कडकन मोडली, तरच ती कुटायला तयार झाली असे समजतात. आत ओल राहिली तर पुडीच्या गुठळ्या होतात आणि बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात आणि ते नेहमीच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही, म्हणून बुरशी आलेला मसाला वरचा थर काढून वापरणे धोक्याचे आहे. कांद्याची कसोटी आणखी कठीण. तो उभा पातळ चिरून उन्हात सुकवतात आणि मग तेलात तांबूस, कुरकुरीत होईपर्यंत तळतात; मध्ये एखादी पाकळी मऊ राहिली तरी सगळ्या मसाल्याला वास येऊ शकतो.

भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा घ्यावा लागतो. धण्यांना जो वेळ लागतो त्यात खसखस करपते आणि दगडफूल कडू होते. भाजलेले सगळे ताटांत पसरून पूर्ण गार करतात, कारण गरम जिन्नस झाकले तर वाफेचे पाणी पुन्हा त्यातच मुरते.

कुटण्यासाठी पूर्वी उखळ-मुसळ होते. पुढे विजेवर चालणारा डंका आला. डंक्यात लोखंडी मुसळे वरून आपटत राहतात, मसाला सावकाश फुटतो आणि फारसा तापत नाही. पूड चाळून वरची चाळ पुन्हा कुटायला टाकतात. खकाणा उठतो म्हणून नाकातोंडाला फडके बांधूनच तिथे उभे राहावे लागते. कांदा-लसूण मसाल्यात लसूण आणि खडे मीठ शेवटी घालून पुन्हा एक हात कुटतात, म्हणजे तेल सगळीकडे सारखे लागते. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत काम लवकर होते, परंतु घर्षणाने पूड तापते आणि लवंग, वेलची, जिरे यांतली उडून जाणारी सुगंधी तेले कमी होतात. वेळ असेल तर डंकाच बरा. मुंबईत लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या व खडा मसाला विकत घेऊन, तिथेच भाजून-कुटून नेण्याची सोय आहे आणि उन्हाळ्यात तेथे मोठी गर्दी असते. जिथे अंगण किंवा गच्ची नाही, तिथे मंद आचेच्या ओव्हनमध्ये मिरच्या सुकवतात. मात्र उष्णता वाढली की रंग काळवंडतो.

कुटून आणलेला मसाला निवल्यावरच चिनी मातीच्या किंवा काचेच्या कोरड्या बरणीत दाबून भरतात आणि मध्ये खडा हिंगाचे तुकडे ठेवतात. उजेडाने मिरचीचा रंग फिका पडतो, त्यामुळे बरणी अंधाऱ्या फडताळात ठेवून रोजच्या वापरापुरता मसाला कोरड्या चमच्याने लहान डब्यात काढतात.