"आधी नोकरी पक्की कर" हे इंदूरात आलं कुठून?

"आधी नोकरी पक्की कर, मग काढत बस चित्रं" हे इंदूरच्या आपल्या मराठी घरांत इतक्यांदा ऐकलंय की वाटतं पूर्वापार असंच असणार. पण तसं नव्हतं. याच गावात शंभर वर्षांपूर्वी आवडीच्या कामापायीच नोकरी मिळायची, निदान काही जणांना तरी.

१९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी (तिसरे) नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला बोलावून घेतलं आणि फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला, म्हणजे कागदावर नोकरी फौजेची पण बोलावलं होतं क्रिकेटसाठी, घर चालायची काळजी संस्थानाला. तेच नायडू १९३२ ला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या टेस्टचे कॅप्टन, आणि होळकर टीमने पुढे ४ वेळा रणजी मारली. मला हे फार मोठं वाटतं. खेळाडूला कुणी विचारलं नाही की खेळून पोट भरणार का.

चित्रकारांचं मात्र तेव्हाही अवघडच. १९२७ ला इथे देवळालीकर सरांची चित्रशाळा सुरू झाली, ना. श्री. बेंद्रे, हुसेन तिथलेच, पण शिक्षण इंदूरात झालं तरी पोटासाठी गाव सोडावंच लागलं, हुसेननी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली, बेंद्रे काश्मीरच्या पर्यटन खात्यात राहिले आणि १९५० ला बडोद्याला शिकवायला गेले.

१९४८ ला संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९५५ नंतर होळकर हे नावही रणजीतून गेलं. आश्रय गेला, मागे राहिली फक्त नोकरी: मिल, बँक, शाळा, सरकारी ऑफिस. त्यात १९९१ ला हुकुमचंद मिल बंद पडली, हजारो कामगार घरी बसले आणि हक्काच्या पैशासाठी तीसेक वर्षं भांडत राहिले. हे ज्यांनी जवळून बघितलं ते मुलाला नोकरीच बघ म्हणणार, त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमचे बाबा कारकून होते. ब्रश तुपाच्या रिकाम्या डब्यात, डबा माळ्यावर, रविवारी दुपारी जेवणं झाली की स्टूल घेऊन खाली काढायचे, आणि पाचच्या चहाला आईने हाक मारली की ब्रश धुऊन, फडक्याने पुसून परत वर. रिटायर झाले त्या दिवशी हार बाजूला ठेवून डबा काढला, तो मग माळ्यावर गेलाच नाही.