आतली चिठ्ठी म्हणजे व्हायोलिनचा जन्मदाखला नव्हे

जुन्या व्हायोलिनच्या आत डोकावल्यावर ‘आंतोनिउस स्त्रादिवारिउस क्रेमोनेन्सिस’ अशी लॅटिन चिठ्ठी दिसली, की घरात कोट्यवधींचे वाद्य सापडले असे मानले जाते. हा समज चुकीचा आहे. ही चिठ्ठी ज्याच्या नावाची, तो इटलीतील क्रेमोना येथील विख्यात व्हायोलिन-कारागीर आंतोनिओ स्त्रादिवारी १७३७ मध्ये निवर्तला आणि त्याची आज सुमारे ६५० वाद्येच उरली आहेत. उलट एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेन आणि फ्रान्समधील मिरकूर येथे स्वस्त व्हायोलिने मोठ्या संख्येने तयार होत आणि त्यांत हीच चिठ्ठी सर्रास चिकटवली जाई. त्यात दरवेळी फसवणुकीचा हेतू नसे, कारण वाद्य कोणत्या नमुन्यावर बेतले आहे एवढेच ती सांगे, आणि किंमत पाहून गिऱ्हाइकालाही ते कळे. चिठ्ठीवर ‘जर्मनी’ असे छापलेले असेल, तर ते वाद्य बहुधा अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्यानंतरचे असते, कारण त्या कायद्याने मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले.

जाणकार चिठ्ठी शेवटी पाहतात. आधी मानेच्या टोकाची गुंडाळी, ध्वनिछिद्रांची कापणी, व्हार्निश आणि आतल्या कोपऱ्यांतील ठोकळे तपासले जातात. वरच्या स्प्रूसच्या (एका सूचिपर्णी झाडाच्या) फळीवरील वर्षवलये, म्हणजे झाडाच्या दरवर्षीच्या वाढीच्या रेषा, मोजली, तर शेवटचे वलय कोणत्या वर्षाचे ते समजते; ते १७३७ नंतरचे निघाले, तर स्त्रादिवारीचा दावा तिथेच संपतो. मात्र ते आधीचे निघाले, तरी त्यावरून केवळ लाकूड जुने असल्याचे कळते, कारागीर नव्हे.