शिलारस, थर्माकोल आणि बाटलीतलं पिवळं तेल

गणपतीच्या आधी पंधरा दिवस आमच्या रत्नागिरीत घरोघरी माळे उपसले जातात. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या माळ्यावरून थर्माकोलचं जुनं मखर खाली आलं. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून ते वर धूळ खात पडलं होतं. टाकायचं कुठे, हा प्रश्न. त्यांचा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार दिवसांनी तो काचेची छोटी बाटली घेऊन माझ्याकडे आला. तळाशी दोन बोटं पिवळसर तेल. म्हणाला, "सर, मखराचं पेट्रोल केलंय."

बाटलीचं बूच काढून हाताने वारा घेत लांबूनच वास घेतला आणि क्षणात ओळखला. राजिवड्याला खाडीच्या कडेला फायबरच्या होड्यांची डागडुजी चालते, तिथून जाताना जो गोडसर, डोक्यात चढणारा वास येतो, तोच. होडीला लावायच्या रेझिनमध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास स्टायरिन नावाचं पातळ रसायन असतं. मुलाच्या बाटलीत पेट्रोल नव्हतं, मुख्यत्वे स्टायरिन होतं.

आधी मी त्याला रागावलो. कोणत्या तरी व्हिडिओत बघून त्याने घरामागे चुलीवर हा उद्योग केला होता आणि दोन दिवस त्याचं डोकं जड होतं. स्टायरिनच्या वाफेला ठिणगीसरशी पेट घ्यायला ३१ अंश सेल्सियस तापमान पुरतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी नुसत्या सावलीत एवढं होतं, आणि याने तर खाली जाळ केला होता. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये स्टायरिनला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आहे. घरी हे कोणी करू नये. चांगली प्रयोगशाळा, धूर ओढून घेणारं कपाट आणि जाणकार माणूस सोबत असेल तरच करण्याची ही गोष्ट.

रागावून झाल्यावर मात्र राहवेना. कारण त्या पोराच्या हातून जे घडलं होतं, ते रसायनशास्त्रातल्या मला सर्वांत आवडणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे.

काष्ठौषधींच्या दुकानात शिलारस मिळतो. मधासारखा घट्ट, करड्या-तपकिरी रंगाचा डिंक, धुपात घालतात. तुर्कस्तानाकडच्या एका झाडाच्या सालीतून तो निघतो. १८३९ मध्ये बर्लिनचे औषधविक्रेते एडुआर्ड सिमोन यांनी हा शिलारस ऊर्ध्वपातन करून त्यातून एक पातळ, वासाचं तेल वेगळं केलं आणि त्याला 'स्टायरॉल' म्हटलं. तेच आपलं स्टायरिन. काही काळाने पाहतात तो तेलाची जेली झालेली. त्यांना वाटलं, हवेतला ऑक्सिजन लागून ते बदललं. १८४५ मध्ये ब्लाइथ आणि हॉफमन या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ऑक्सिजन नसला तरी तेल घट्ट होतंच, त्याचं वजन वाढत नाही, आणि गंमत म्हणजे तो घट्ट झालेला पदार्थ तापवला की पुन्हा तेल मिळतं. आज आपण त्या घट्ट पदार्थाला पॉलिस्टायरिन म्हणतो, म्हणजे स्टायरिनचे रेणू एकमेकांना जुळून झालेल्या लांब साखळ्या. त्यात हवा भरून फुगवलं की थर्माकोल. मखरातला सुमारे ९८ टक्के भाग निव्वळ हवा असतो, उरलेले दोन टक्के म्हणजे सिमोन यांची जेली.

थोडक्यात, आमच्या शेजारच्या मुलाने चुलीवर जे केलं ते ब्लाइथ आणि हॉफमन यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं.

स्टायरिन हे 'ॲरोमॅटिक' कुळातलं संयुग. ॲरोमॅटिक म्हणजे सुगंधी. नाव तसं का पडलं, याचं उत्तरही धुपाच्या ताटलीतच आहे. मराठीत आपण ज्याला ऊद किंवा लोबान म्हणतो, त्याला अरब व्यापारी 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लोबान, म्हणत. युरोपात जाता जाता त्या शब्दाचं 'बेंझोइन' झालं. त्यातून मिळालेलं आम्ल बेंझोइक आम्ल. १८३३ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ मिट्शेरलिख यांनी हे आम्ल चुन्याबरोबर तापवलं, तेव्हा जे द्रव मिळालं त्यावरून 'बेंझिन' हे नाव रूढ झालं. फॅरेडे यांनी तोच पदार्थ १८२५ मध्ये दिव्यांसाठीच्या गॅसच्या गाळातून वेगळा केलेला होता. पुढे १८६५ मध्ये केकुले यांनी बेंझिनचं कोडं सोडवलं: सहा कार्बन, एका वर्तुळात हात धरून उभे. या कड्याच्या नातेवाइकांना ॲरोमॅटिक म्हणतात, मग वास चांगला असो, घाण असो, की वास नसोच. आपल्या दालचिनीतही हे कडं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' जात ज्यांच्या परड्यात आहे त्यांनी साल चोळून हुंगावी. तो वास मुख्यतः सिनॅमाल्डिहाइडचा. त्यालाही कडं आहे, आणि दालचिनीत स्वतः स्टायरिनसुद्धा अल्प प्रमाणात सापडतं.

आता मुख्य मुद्दा. थर्माकोल तापवलं तर स्टायरिन परत का मिळतं? आणि पॉलिथिनची पिशवी तापवली तर ती ज्या छोट्या रेणूंपासून बनते ते इथिलीन त्याच थाटात परत का मिळत नाही?

पॉलिस्टायरिनची साखळी डोळ्यांपुढे आणा. कार्बनांची लांबच लांब माळ आणि एक सोडून एका कार्बनला लटकलेलं बेंझिनचं कडं. एका साखळीत अशी हजार-दोन हजार कडी सहज असतात. तापवल्यावर सगळे अणू थरथरू लागतात. फुगडीचा वेग वाढला की कुठे तरी हात सुटतो, तसा माळेतला एखादा बंध तुटतो. तुटलेल्या टोकाला एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. अशा टोकाला मुक्तमूलक म्हणतात. एकटा इलेक्ट्रॉन फार अस्वस्थ असतो, मिळेल त्याच्याशी जोडी जमवायला बघतो. पण इथे शेजारीच बेंझिनचं कडं आहे. त्या कड्यातले इलेक्ट्रॉन आधीच सहाही कार्बनांत वाटलेले असतात आणि हा नवा एकटा त्यांच्यात पसरून बसतो. त्यामुळे टोक बऱ्यापैकी निवांत होतं, इकडे-तिकडे हात मारत नाही.

निवांत टोक मग एकच गोष्ट करतं. टोकाच्या कार्बनापासून मोजत गेलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनांमधला बंध मधोमध फाटतो. त्यातला एक इलेक्ट्रॉन टोकाकडे येतो आणि पहिल्या दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध तयार होतो. म्हणजे टोकाचा तुकडा सुटा झाला, आणि तो तुकडा म्हणजे नेमका स्टायरिनचा एक रेणू. मागे काय उरलं? साखळीचं नवं टोक: त्यावर एकटा इलेक्ट्रॉन आणि शेजारी बेंझिनचं कडं. अगदी पहिल्यासारखं! मग तेच पुन्हा. आणि पुन्हा. बॅगेची चेन एका टोकाला धरून ओढावी तशी साखळी दाण्या-दाण्याने उकलत जाते. मी हे फळ्यावर पहिल्यांदा शिकवलं तेव्हा खडूने एकेक तुकडा पुसत गेलो होतो, आणि प्रत्येक वेळी उरलेलं चित्र तेच राहतं हे बघून मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे वाकली होती.

पॉलिथिनमध्ये बाजूला कडी नाहीत. तिथे तुटलेल्या टोकाला आधार नाही, त्यामुळे ते हाताला लागेल तिथून हायड्रोजन ओढतं, स्वतः शांत होतं आणि जखम साखळीच्या भलत्याच ठिकाणी करून ठेवतं. परिणामी लहान-मोठे, कसेही तुकडे पडतात: थोडा वायू, थोडं तेल, बरंचसं मेण. पॉलिस्टायरिनमध्येही अधूनमधून टोक मागे वळून आपल्याच साखळीतला हायड्रोजन उचलतं, म्हणून बाटलीतल्या तेलात दोन-तीन कड्यांचे जोडतुकडेही असतात, शिवाय थोडं टोल्युइन आणि इथिलबेंझिन, ही एकेका कड्याची छोटी संयुगं. पिवळा रंग असल्याच भेसळीचा. शुद्ध स्टायरिन पाण्यासारखं असतं आणि १४५ अंशांना उकळतं.

यापुढचा भाग थोडा अवघड आहे, पण गाभा तोच आहे. स्टायरिनचे रेणू जुळतात तेव्हा उष्णता बाहेर पडते: १०४ ग्रॅम पूर्ण जुळले तर सुमारे ७० किलोज्यूल, म्हणजे दोन कप चहाचं आधण येईल एवढी. उष्णता सोडून जुळणं निसर्गाला परवडतं. पण सुटे फिरणारे हजार रेणू एका माळेत ओवले की त्यांचं स्वातंत्र्य जातं, आणि त्या स्वातंत्र्याचीही किंमत असते. ही किंमत तापमानाबरोबर वाढते. जुळण्यातला फायदा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून एक तापमान असं येतं की दोन्ही पारडी बरोबरीत येतात. त्याच्या खाली जुळणी जिंकते, वर सुटका. इंग्रजीत याला 'सीलिंग टेंपरेचर' म्हणतात, आपण छत-तापमान म्हणू. स्टायरिनसाठी ते साधारण ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान, वाफ कोंडून राहते की निघून जाते त्याप्रमाणे. गाडीच्या मागच्या लाल दिव्याच्या काचेचं ॲक्रिलिक २०० च्या आसपास. स्टायरिनच्या एका कार्बनावर एक मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) चिकटवला की ते छत घसरून साठेक अंशांवर येतं! तो लहानसा गट साखळीत कोंबाकोंबी करतो आणि जुळणी जेमतेम परवडते. पॉलिथिनचं छत ६०० च्या वर, तिथे पोचण्याआधीच साखळीच्या चिंध्या झालेल्या असतात.

म्हणजे जुळणं आणि उकलणं हा एकच रस्ता आहे, जायचं कुठल्या दिशेला ते तापमान ठरवतं. हे एकदा कळलं की सिमोन यांची जेली कळते, मखराचं तेल कळतं, आणि ७ मे २०२० ची विशाखापट्टणमची पहाटही कळते. लॉकडाउनमध्ये तिथल्या एका कारखान्याच्या टाकीत साठून राहिलेलं स्टायरिन आपोआप जुळू लागलं. जुळताना उष्णता सुटते, उष्णतेने जुळणी आणखी वेगाने होते, असं चक्र सुरू झालं. ते रोखणारं रसायन पुरेसं उरलं नव्हतं. वाफ वस्तीत शिरली आणि बारा माणसं गेली.

घरातल्या बाकीच्या प्लास्टिकचं काय, तर पाण्याची बाटली ज्याची असते त्या 'पेट' (PET) प्लास्टिकमध्येही बेंझिनचं कडं आहे, पण बाजूला लटकलेलं नव्हे, साखळीतच ओवलेलं. ते उष्णतेने असं उकलत नाही. टेरेफ्थॅलिक आणि बेंझोइक आम्लाची पांढरी भुकटी उडून नळ्या तुंबतात. चुन्याच्या मदतीने त्यातलं कार्बन डायऑक्साइड काढून बेंझिन मिळवता येतं, मिट्शेरलिख यांच्याच वाटेने, आणि जपानच्या तोहोकू विद्यापीठात त्यावर चांगलं काम झालं आहे. पीव्हीसी पाइपात कडं मुळीच नाही. तरी तापवल्यावर आधी हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो आणि उरलेली साखळी गुंडाळून स्वतःच बेंझिनची कडी घडवते. बेंझिन हे माणसाला निश्चितपणे कर्करोग करणारं द्रव्य आहे. म्हणून संध्याकाळी पातेऱ्याबरोबर पिशव्या आणि पाइपाचे तुकडे पेटवतात, 'धुराने डास जातात' म्हणतात, तेव्हा मला राहवत नाही, जाऊन सांगतोच. धूप-लोबानाने हवा शुद्ध होते असे निरोपही मोबाइलवर फिरत असतात. उदबत्तीच्या धुरातसुद्धा बेंझिन मोजलं गेलं आहे. देवापुढे लावायची तर खिडकी उघडी ठेवून लावा, पण तिला हवा शुद्ध करणारं यंत्र समजू नका.

आणि 'प्लास्टिकपासून पेट्रोल'च्या बातम्या. १९९६ मध्ये तामिळनाडूत वनस्पतींपासून पेट्रोल केल्याच्या दाव्याने देशभर धुमाकूळ घातला, शेवटी ती फसवणूक ठरली. प्लास्टिकच्या तेलाचं तसं नाही, तेल खरंच निघतं. पण थर्माकोलचं तेल स्कूटरमध्ये घातलं तर त्यातलं स्टायरिन डिंकासारखं जुळून कार्ब्युरेटर चिकटवून टाकेल. जाळण्यापेक्षा त्याची खरी किंमत परत पॉलिस्टायरिन करण्यात आहे. अडचण रसायनाची नाही, हवेची आहे. मिरकरवाडा बंदरावर सुरमई-बांगड्याच्या बर्फाची थर्माकोलची खोकी ढिगाने पडलेली असतात. ती कारखान्यापर्यंत न्यायची तर टेम्पोत ९८ टक्के हवाच भरायची. वर मासळीचं पाणी आणि मीठ. खोकी मोडतात, वाऱ्याने उडतात आणि पावसाळ्यानंतर भाट्याच्या पुळणीवर सुरूच्या बनापर्यंत पांढरे मणी पसरलेले दिसतात. वाळूतून वेचायला गेलं तर बोटांना चिकटतात, मुठीत येत नाहीत.

ही हवा काढायची सोपी वाट मी त्या मुलाला दाखवली, आणि ही घरी करायला हरकत नाही. संत्र्याची ताजी साल थर्माकोलच्या तुकड्यावर धरून दुमडून पिळायची. सालीतून बारीक तुषार उडतात, आणि जिथे थेंब पडतो तिथे थर्माकोल खाली बसतं, खड्डा पडतो. सालीतल्या तेलातलं लिमोनिन पॉलिस्टायरिनला विरघळवतं. साखळ्या तुटत नाहीत, फक्त हवा निसटते. बंदरावरच अशा द्रावकात खोकी बसवली तर टेम्पोभर ढिगाचं काम दोन-तीन डब्यांत होईल. आता तो मुलगा महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी यावरच काम करतोय, प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली.

त्याची बाटली मी महाविद्यालयाच्या रसायनांच्या कपाटात ठेवून दिली होती, नाव आणि तारीख लिहून. दिवाळीत बघितली तेव्हा तेल जरा सावकाश हलत होतं. शिमग्याच्या सुट्टीत तो आणि मी पुन्हा गेलो. बाटली आडवी केली, तर काकवीसारखी जाड धार काचेवरून खाली यायला वेळ लागला.

"सर, खराब झालं का?"

"नाही रे. परत मखर व्हायला लागलंय."

त्याने बाटली उभी केली, आडवी केली, पुन्हा उभी केली, आणि पिशवीतून वही काढून तारीख लिहिली.