तीच हकिकत, बदललेले तपशील

युद्ध, छळछावणी, दुष्काळ किंवा भूकंपातून वाचलेल्या माणसाच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या की एक आक्षेप ठरलेला असतो. कुणीतरी त्याच माणसाची वीस वर्षांपूर्वीची मुलाखत शोधून काढतं आणि दोन्ही हकिकती शेजारी ठेवतं. तेव्हा पहारेकरी दोन होते, आता चार झाले. तेव्हा घटना पहाटे घडली होती, आता मध्यरात्री. लगेच निकाल लागतो की हा माणूस थापा मारतोय. त्याच्या बाजूने बोलणारेही तितक्याच आवेशाने विचारतात, "असला प्रसंग कुणी विसरेल का?"

भांडण कितीही कडाक्याचं असो, दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच आहे. भयंकर अनुभव मेंदूत कायमचा कोरला जातो आणि मग त्याची एक रेघही हलत नाही, असं दोघांनाही वाटतं. हे खरं नाही. ते का खरं नाही, हे शोधून काढण्याची हकिकत मेंदूविज्ञानातली माझी सर्वांत आवडती आहे.

सुरुवात नेदरलँड्समधल्या एका खटल्यापासून करू. दुसऱ्या महायुद्धात ओमेन या गावाजवळ 'एरिका' नावाची छावणी होती. तिथल्या कैद्यांच्या साक्षी 1943 ते 1947 या काळात नोंदवल्या गेल्या. पुढे छळ करणाऱ्यांपैकी एकावर खटला उभा राहिला, तेव्हा 1984 ते 1988 या काळात पुन्हा साक्षी झाल्या. विलेम वाखेनार आणि यॉप ग्रुनेवेग या मानसशास्त्रज्ञांनी 78 साक्षीदारांची ही कागदपत्रं तपासली. मधे चाळीस वर्षं गेलेली, आणि पहिली साक्ष लिखित स्वरूपात जपलेली. स्मरणशक्तीच्या अभ्यासकाला अशी सामग्री क्वचितच हाती लागते.

छावणीतलं जगणं बहुतेकांना नीट आठवत होतं. पण काही जण छळ करणाऱ्यांची नावं आणि चेहरे विसरले होते. काही जण स्वतःला झालेली मारहाण विसरले होते. डोळ्यांदेखत झालेला खून विसरल्याचीही उदाहरणं निघाली. छावणी झाली की नाही, मारहाण झाली की नाही, याबद्दल शंकेला जागा नव्हती, कारण त्याच माणसांनी ते चाळीस वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं. अनुभवाची तीव्रता विस्मरणापासून वाचवायला पुरत नाही, हा 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष.

त्याआधी शास्त्रज्ञांचा समजही सामान्य माणसासारखाच होता. 1977 साली रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी केनेडी यांच्या हत्येची बातमी ऐकल्याच्या आठवणी गोळा केल्या. लोक कुठे होते, कुणी सांगितलं, हे सगळं इतक्या ठाशीवपणे सांगत होते, की धक्कादायक क्षणाचा मेंदू जणू फ्लॅश मारून फोटोच घेतो, अशी कल्पना त्यांनी मांडली. उल्रिक नाइसर यांना ती पटली नाही. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर लगेच नष्ट झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नाइसर यांनी एमरी विद्यापीठातल्या 106 विद्यार्थ्यांकडून ती बातमी कशी कळली ते लिहून घेतलं. अडीच वर्षांहून अधिक काळानंतर त्यांतल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. 11 जणांचे मुख्य तपशील सगळेच्या सगळे चुकले. पूर्ण बरोबर फक्त 3 जण. चुकणाऱ्यांचा आत्मविश्वास मात्र दांडगा होता. त्यांच्याच हातचा जुना कागद समोर ठेवला, तरी काही जण म्हणाले की अक्षर माझं आहे, पण घडलं तसं नव्हतं.

12 सप्टेंबर 2001 रोजी, म्हणजे न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ड्यूक विद्यापीठात जेनिफर टॅलारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी अधिक नेटका प्रयोग केला. 54 विद्यार्थ्यांकडून हल्ल्याची बातमी कळल्याची आठवण घेतली आणि त्याच आठवड्यातली एखादी साधी, रोजची आठवणही घेतली. पुढचे 32 आठवडे पाहिलं तर दोन्ही आठवणी सारख्याच वेगाने बिघडत गेल्या. फरक एवढाच, की साध्या आठवणीवरचा विश्वास तिच्याबरोबर कमी होत गेला. हल्ल्याच्या आठवणीवरचा विश्वास आणि तिचा जिवंतपणा मात्र तसाच राहिला.

म्हणजे तीव्र भावना काहीतरी नक्की करते. काय करते, ते शरीरात डोकावल्यावर कळतं.

भीतीच्या क्षणी मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. ते रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरू शकत नाही. ते वेगस नावाच्या लांबलचक चेतातंतूला उद्दीपित करतं, तो संदेश मेंदूच्या खोडापर्यंत जातो, तिथून लोकस सेरुलियस हा छोटासा पेशीसमूह जागा होतो आणि अमिग्डालात, म्हणजे भीतीसारख्या भावना हाताळणाऱ्या मेंदूच्या भागात, नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडलं जातं. अमिग्डाला मग हिप्पोकॅम्पसला, म्हणजे प्रसंगांच्या आठवणी घडवणाऱ्या भागाला, 'हे नीट साठव' असा जोर लावते. हा मार्ग जेम्स मॅकगॉ यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षं खपून उलगडला. 1994 साली लॅरी काहिल, मॅकगॉ आणि सहकाऱ्यांनी काही माणसांना अपघातात सापडलेल्या एका मुलाची सचित्र गोष्ट सांगितली. निम्म्या लोकांना आधी प्रोप्रानोलोल हे नॉरअ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवणारं औषध दिलं होतं. आठवड्यानंतर इतरांना गोष्टीतला हादरवणारा भाग जास्त लक्षात होता. औषध घेतलेल्यांना तो भाग बाकीच्या साध्या भागांइतकाच आठवला.

पण हा जोर सगळ्या तपशिलांवर सारखा पडत नाही. भेदरलेल्या माणसाचं लक्ष अरुंद होतं. शस्त्र रोखलं गेलं की नजर शस्त्रावर खिळते, ते धरणाऱ्याचा चेहरा कडेला राहतो. धोका पक्का साठतो. पहारेकरी किती होते, पहाट होती की रात्र, हे कच्चंच साठतं.

आता ज्या यंत्रणेसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. इथे थोडा रेटा लावून वाचावं लागेल.

आठवण साठते ती चेतापेशींमधल्या सांध्यांत. अशा सांध्यावर दोन पेशींमध्ये एक सूक्ष्म फट असते. पहिली पेशी त्या फटीत ग्लुटामेट हे रसायन सोडते, दुसरी पेशी ते आपल्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टर प्रथिनांनी टिपते. त्यांतली एएमपीए जातीची प्रथिनं रोजची कामगार. एनएमडीए जातीची प्रथिनं मात्र खास आहेत, कारण त्यांच्या तोंडात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. ग्लुटामेट आलं आणि त्याच वेळी दुसरी पेशी आधीच उत्तेजित असली, तरच ते बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्याची नोंद घेणारा हा रेणू आहे. हे वाचल्यावर माझ्यासारखं कुणी अवाक होत असेल, तर मला त्याचं अजिबात आश्चर्य वाटणार नाही! आत आलेलं कॅल्शियम एन्झाइमांची साखळी चालू करतं, जास्तीची एएमपीए प्रथिनं पृष्ठभागावर आणून बसवली जातात आणि तो सांधा मजबूत होतो. हा बदल काही तासच टिकतो. तो टिकाऊ व्हायचा तर संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत जावा लागतो. तिथे क्रेब नावाचं प्रथिन काही जनुकं चालू करतं, नवी प्रथिनं तयार होतात आणि सांध्याची रचनाच बदलते. याला दृढीकरण म्हणतात. नवी प्रथिनं बनणं औषधाने थांबवलं, तर दीर्घकाळची आठवण तयारच होत नाही.

बरीच वर्षं असं मानलं गेलं, की दृढीकरण ओल्या सिमेंटसारखं आहे. सुरुवातीचे काही तास ते बदलता येतं, एकदा सुकलं की विषय संपला. 1968 साली डोनाल्ड लुईस आणि सहकाऱ्यांना उंदरांत याच्या उलट जाणारा पुरावा मिळाला होता, पण तो बाजूला पडला. 2000 साली करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी तो प्रश्न पुन्हा उकरला. त्यांनी उंदरांना एक सूर ऐकवला आणि सोबत विजेचा सौम्य धक्का दिला. उंदीर सूर ऐकताच जागच्या जागी गोठू लागले. आठवण पक्की झाल्यावर फक्त सूर ऐकवला, धक्का दिला नाही, आणि लगेच अमिग्डालात अ‍ॅनिसोमायसिन टोचलं. हे औषध प्रथिननिर्मिती थांबवतं. दुसऱ्या दिवशी उंदरांची भीती बरीच ओसरलेली होती. ज्या उंदरांना सूर न ऐकवता तेच औषध दिलं, त्यांची भीती जशीच्या तशी. सूर ऐकवून सहा तासांनी औषध दिलं, तरी भीती जशीच्या तशी. चौदा दिवसांच्या जुन्या आठवणीवरही हा परिणाम दिसला.

याचा अर्थ विलक्षण आहे. आठवण जागी झाली की तिचे सांधे पुन्हा सैल होतात आणि ती टिकवण्यासाठी प्रथिनं पुन्हा बनवावी लागतात. या दुसऱ्या फेरीला पुनर्दृढीकरण म्हणतात. सैल होण्याची क्रियाही आपोआप घडत नाही. तिच्यासाठी अमिग्डालात एनएमडीए प्रथिनांचा एक विशिष्ट उपप्रकार लागतो. हिप्पोकॅम्पसमध्ये जुनी प्रथिनं मोडून टाकणारं प्रोटिअझोम हे पेशीतलं यंत्रही या कामात भाग घेतं. शिवाय आठवण जागी होताना काहीतरी अनपेक्षित असावं लागतं. अपेक्षेप्रमाणेच सगळं घडलं तर सांधा सैल होत नाही. मेंदूच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, कारण जुनी माहिती सुधारायची गरज जगात काही वेगळं दिसलं तरच पडते.

उंदराची भीती वेगळी आणि माणसाने सांगितलेली जीवनकथा वेगळी, हे मान्यच आहे. म्हणून अल्मुट हुपबाख आणि सहकाऱ्यांचा 2007 चा प्रयोग महत्त्वाचा. लोकांनी वस्तूंचा एक संच पाठ केला. दोन दिवसांनी काहींना त्या पहिल्या सत्राची नुसती आठवण करून दिली, आणि मग सगळ्यांनी दुसरा संच पाठ केला. आणखी दोन दिवसांनी पहिला संच विचारला. ज्यांना आठवण करून दिली होती, त्यांच्या पहिल्या यादीत दुसऱ्या संचातल्या वस्तू शिरल्या होत्या. बाकीच्यांत अशी सरमिसळ जवळजवळ नव्हती. याचं कारण पुनर्दृढीकरणच आहे का, यावर संशोधकांत अजून वाद आहे. पण आठवण जागी करणं म्हणजे तिला नव्या माहितीसाठी दार उघडणं, हे चित्र यातून स्पष्ट उमटतं.

आता वाचलेल्या माणसाची हकिकत पाहा. त्याने ती नातेवाइकांना सांगितली, वकिलाला सांगितली, सोबत सुटलेल्यांबरोबर उगाळली, मग कुठेतरी छायाचित्रं पाहिली. दर वेळी आठवण वर आली आणि परत साठवली गेली. स्टीव्हन साउथविक यांनी 1991 च्या आखाती युद्धातून परतलेल्या 59 सैनिकांना एका महिन्याने आणि दोन वर्षांनी एकच प्रश्नावली दिली. 88 टक्क्यांनी किमान एक उत्तर बदललं. 70 टक्क्यांना दोन वर्षांनी असा एखादा प्रसंग 'आठवला', जो त्यांनी पहिल्या वेळी सांगितला नव्हता. ज्यांना आघाताचा मानसिक त्रास अधिक होता, त्यांच्या आठवणींत अशी भर अधिक पडली होती. ज्याला सर्वांत जास्त सोसावं लागतंय त्याच्याच हकिकतीत बदल जास्त दिसतात आणि त्यालाच आपण खोटारडा ठरवतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

या संशोधनावर बाजारही लगेच उभा राहिला. 'वाईट आठवणी पुसणारी गोळी' अशा मथळ्यांना आधार नाही. 2009 साली मेरेल किंट यांच्या प्रयोगात प्रोप्रानोलोलने माणसांची दचकण्याची प्रतिक्रिया कमी झाली होती, पण काय घडलं होतं ते त्यांना पूर्ण आठवत होतं. शिवाय पुढे असे प्रयोग करणाऱ्या सगळ्याच संशोधकांना तसा निकाल मिळाला नाही. त्याहून धोकादायक म्हणजे संमोहनाने दडपलेल्या आठवणी, अगदी मागच्या जन्मीच्याही, बाहेर काढून देतो म्हणणारे. संमोहनात आठवणींची संख्या आणि त्यांच्यावरचा विश्वास दोन्ही वाढतात, अचूकता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. सुचवलेलं चित्र खरी आठवण म्हणून साठवण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. असल्या दुकानांपासून दुखावलेल्या माणसाला लांब ठेवावं. आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला एका बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धतही एके काळी जोरात होती. एकत्रित आढाव्यांत तिचा फायदा दिसला नाही, काही ठिकाणी अपायच दिसला.

ऐकण्याची चांगली पद्धत उपलब्ध आहे. 1980 च्या दशकात रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझलमन यांनी साक्षीदारांसाठी ती बसवली. माणसाला मनाने त्या जागी जाऊ द्यायचं, मधे न तोडता पूर्ण सांगू द्यायचं, उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही.

आणि एकाच घटनेच्या अनेक हकिकती जमल्या, की त्यांच्यातला फरकही माहिती देतो. इतिहासकार क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी पोलंडमधल्या स्टाराखोविचे इथल्या वेठछावणीतून वाचलेल्या 292 जणांच्या साक्षी एकत्र अभ्यासल्या. त्या वेगवेगळ्या दशकांत दिलेल्या होत्या. छावणीतल्या मुख्य घटनांबद्दल त्या आश्चर्य वाटावं इतक्या जुळत होत्या. 1944 च्या उन्हाळ्यात या कैद्यांना आगगाडीने आउश्वित्झच्या बिर्केनाऊ मृत्युछावणीत नेलं. उतरल्यावर तिथल्या नाझी डॉक्टर मेंगेलेने आपली निवड केली, म्हणजे कुणाला कामाला ठेवायचं आणि कुणाला मारायचं ते ठरवलं, असं नंतरच्या काळात अनेकांनी सांगितलं. युद्ध संपल्यावर लगेच दिलेल्या साक्षींत मात्र, त्या गाडीतल्या लोकांना निवड न करताच छावणीत घेतलं, असं आहे. मेंगेलेचं चित्र मधल्या वर्षांत सगळ्या जगाने इतक्यांदा पाहिलं होतं की ते आठवणीत जाऊन बसलं. ब्राउनिंग यांनी सुरुवातीच्या साक्षी ग्राह्य धरल्या. त्या गाडीतली काही लहान मुलं आईवडिलांबरोबर जिवंत छावणीत कशी पोचली, याचा उलगडाही त्यातूनच होतो.