मॉरिसन्स जिग

मॉरिसन्स जिग : आयर्लंडच्या लोकसंगीतातील एक प्रसिद्ध जिग, म्हणजे द्रुत लयीची नृत्यधून. फिडलवर, म्हणजे लोकवादकांच्या हातातल्या व्हायोलिनवर, ती विशेष खुलते. नावात मॉरिसन असले तरी ती जेम्स मॉरिसन या वादकांनी बांधलेली नाही. त्यांनी ती दुसऱ्याकडून घेतली, तबकडीवर वाजवली आणि ती त्यांच्या नावावर चढली. मूळ कर्ता अनामिकच राहिला.

जेम्स मॉरिसन (१८९३–१९४७) हे आयर्लंडच्या वायव्येकडील स्लायगो परगण्यातले फिडलवादक. १९१५ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थिरावले. तिथे ते अनेकांना शिकवीत, म्हणून वादकांत त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत. मायकेल कोलमन आणि पॅडी किलोरन हेही स्लायगोचेच आणि न्यूयॉर्कलाच आलेले. १९२० व १९३० च्या दशकांत या तिघांच्या तबकड्या समुद्र ओलांडून आयर्लंडला परतल्या. खेड्यापाड्यांतले वादक त्या पुन्हापुन्हा लावून धुना बसवू लागले आणि स्लायगोचे वळण देशभर रुजले.

न्यूयॉर्कमध्ये मॉरिसन यांच्यासोबत टॉम कारमडी हे अकॉर्डियनवादक वाजवीत. ते केरी परगण्यातले. ही धून त्यांना वडिलांकडून, मॉरिस कारमडी यांच्याकडून, मिळाली होती. वादकांत सांगितली जाणारी हकिकत अशी, की टॉम यांनी ती वाजवून दाखवली, मॉरिसन यांनी रात्र जागवून बसवली आणि दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रित केली. १९३६ च्या त्या मुद्रणात तिला ‘मॉरिस कारमडीज फेव्हरिट’, म्हणजे मॉरिस कारमडींची आवडती, असे नाव दिले गेले. मॉरिसन यांनी ऋण मानले होते, हे मुद्दाम सांगायला हवे. पण ऐकणाऱ्यांना आठवला तो वाजवणारा. तबकडीवरून शिकलेले वादक ‘मॉरिसनची ती जिग’ म्हणू लागले आणि तेच नाव टिकले.

कारमडी यांच्या घरी तिचे नाव वेगळेच होते : ‘द स्टिक अक्रॉस द हॉब’, म्हणजे हॉबवर आडवी ठेवलेली काठी. हॉब हा शेगडीच्या बाजूचा कट्टा. त्यावर किटली ऊन राहते. आपल्या चुलीच्या वैलाचे काम तेच. या संगीतात असली घरगुती नावे पुष्कळ आहेत. शब्द नसलेल्या धुनेला ओळखीपुरती खूण लागते, आणि ज्याच्याकडून ती ऐकली त्याचे नाव ही सर्वांत सोयीची खूण. म्हणून एकाच धुनेला चार नावे असतात आणि एकाच नावाच्या दोन धुनाही सापडतात. नाव ठाऊक नसेल तिथे आयरिश भाषेत ‘गन आनम’, अर्थात ‘नाव नसलेली’, असे लिहिण्याची पद्धत आहे.

जिगच्या लयीत सहा मात्रांचे तीन-तीन असे दोन भाग पडतात. मोजणी दादऱ्याची, चाल मात्र पावलांना उचलणारी, द्रुत. या धुनेचे दोन खंड आहेत. प्रत्येक खंड आठ आवर्तनांचा आणि दोनदा वाजणारा. स्वरसप्तक आपल्या काफी थाटाशी जुळते : गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. षड्ज पाश्चात्त्य ‘ई’वर. सुरुवातीलाच षड्जावरून थेट पंचमावर झेप आहे. दोन्ही स्वर लांब धरलेले. कोमल गंधार मात्र प्रचलित पाठात पहिली सहा आवर्तने येतच नाही. सातव्यात तो एकदम ठाम लागतो आणि धुनेचा रंग तिथे गडद होतो.

दुसरा खंड फिडलसाठीच जन्मला असावा असे वाटते. त्यात तारषड्ज पुन्हापुन्हा येतो, आणि फिडलवर तो सर्वांत उंच, मोकळी तार आहे. तिच्यावर बोट दाबायचेच नाही. ‘प सां सां रें सां सां’ वाजवताना गज लगतच्या दोन तारांवर झुलतो, पहिले बोट पंचमावरून तार ऋषभावर जाते, आणि मधली मोकळी तार सारखी घुमत राहते.